पुलापलीकडचं औषध

कराडला माहेरी गेले की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे इतक्या लांब जाऊनही तू मेडिकलमध्येच उभी असतेस?" पूर्वी मला या ‘उभी असतेस’चा राग यायचा. आता येत नाही. जर्मनीतल्या ज्या छोट्या गावात मी चौदा वर्षं औषधं दिली तिथे खरंच दिवसभर उभंच राहावं लागायचं, आणि उभं राहण्यातही एक विद्या असते हे मला तिथेच कळलं.

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोट्बुसच्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडीची जागा मिळाली म्हणून आम्ही आलो. मी बी. फार्म. होते आणि कराडला तीन वर्षं एका मेडिकलमध्ये काम केलं होतं. इथे त्या डिग्रीवर फक्त झाडू मारायला मिळालं असतं. आधी भाषा, मग औषधांची भाषा, मग पुन्हा एक तोंडी परीक्षा, असं करत परवाना हातात येईपर्यंत माझी मुलगी रेवा बालवाडीत जायला लागली होती आणि माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देत होती.

नोकरी मिळाली ती पोलंडच्या सीमेवरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे येणारी माणसं अजून तिथेच राहतात. नदीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे पोलंडमधलं तितकंच छोटं दुसरं गाव, मधे एक पूल. चालत सात मिनिटं. आमच्या बाजूला औषधाच्या दुकानाला ‘आपोथेके’ म्हणतात, त्यांच्या बाजूला ‘आप्तेका’. शब्द सख्ख्या बहिणींसारखे, पण दुकानांचं एकमेकींशी बोलणं नव्हतं.

आमच्या आपोथेकेच्या मालकीणबाई फ्राऊ लेहमान. तेव्हा साठीच्या जवळ आलेल्या, उंच, केस बारीक कापलेले. जर्मनीत औषधाचं दुकान फक्त फार्मासिस्टलाच चालवता येतं. त्यामुळे मालक गल्ल्यावर आणि फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर, असा प्रकार नाही. बाई सकाळी आठ वाजता कुलूप काढायच्या आणि संध्याकाळी स्वतः लावायच्या. मला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "तुमचं आडनाव कसं म्हणायचं?" मी म्हणाले, "जगताप." जर्मनमध्ये ‘ज’चा ‘य’ होतो. मी त्या गावासाठी कायमची फ्राऊ याग्टाप झाले.

पोलिश दुकानाचं नाव काढलं की फ्राऊ लेहमानच्या ओठांची एक रेघ व्हायची. सीमेवरची तपासणी उठली तशी गावातली निम्मी माणसं डोकेदुखीच्या गोळ्या, व्हिटॅमिनं, सर्दीचे फवारे आणायला पलीकडे जायला लागली. तिकडे स्वस्त. आमच्याकडे उरली ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणारी म्हातारी माणसं. बाई रविवारी नदीवर फिरायला जायच्या, पुलाच्या मध्यापर्यंत चालायच्या आणि तिथून परत फिरायच्या. मी एकदा विचारलं, "पलीकडे कधी गेला नाहीत?" त्या म्हणाल्या, "काही काम नाही पडलं."

आता धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांसाठी सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिच्यापाशी आहे. इथे रक्तदाबाची गोळी कुठल्या कंपनीची द्यायची हे बहुतेक वेळा ना डॉक्टर ठरवतात ना आम्ही. विमा कंपनीचा ज्या औषध कंपनीशी करार असेल तिची द्यायची. करार बदलला की खोका बदलतो, गोळीचा रंग बदलतो, नावही बदलतं. आतलं औषध तेच.

हेर नोआक, म्हणजे श्रीयुत नोआक, हे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर तीन महिन्यांनी यायचे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांना निळ्याऐवजी पिवळा खोका दिला आणि सांगितलं, "हे नवीन नाव, पण जुन्याच्या ऐवजी." ते म्हणाले, "या, या," म्हणजे हो, हो. मागे चार जण उभे होते. माझं जर्मन तेव्हा घाईत अडखळायचं आणि ते मला जाणवायचं, म्हणून मी वाक्य पुन्हा म्हटलं नाही. हेर नोआक घरी गेले. निळा खोका अजून शिल्लक होता. त्यांनी निळीही घेतली आणि पिवळीही, दहा दिवस. अकराव्या दिवशी सकाळी उठताना चक्कर येऊन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

ते वाचले. पण नंतर कधी दुकानापर्यंत चालत आले नाहीत, त्यांची मुलगी यायची. मला कुणी दोष दिला नाही. फ्राऊ लेहमान एवढंच म्हणाल्या, "माणूस ‘या’ म्हणतो तेव्हा त्याला कळलेलं असतंच असं नाही. त्याच्याकडून वदवून घ्यायचं." तेव्हापासून मी प्रत्येक खोक्यावर जाड पेनने लिहायला लागले आणि प्रत्येक म्हाताऱ्याला विचारायला लागले, "आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी काय घेणार?" मागे रांग कितीही असो. लोक कुरकुरायचे. मी त्यांना कुरकुरू द्यायचे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो हिवाळा आला. मुलांच्या तापाचं सिरप बाजारातून नाहीसं झालं. आधी वाटलं आठवडाभराचं असेल. पण होलसेलरच्या स्क्रीनवर रोज तेच दोन शब्द, ‘मिळू शकत नाही’. आया रडवेल्या होऊन यायच्या. जर्मनीसारख्या देशात तापाचं औषध नाही, हे कराडला फोनवर सांगितलं तर आईला वाटलं मी थट्टा करतेय.

त्या दिवसांत मी फ्राऊ लेहमानना खऱ्या अर्थाने ओळखलं. दुकानाच्या मागच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक जुना धातूचा साचा कपाटातून काढला, बारा खाचांचा. पॅरासिटामॉलची पूड मागवली, खास मेणासारखी चरबी वितळवली, पूड तोलून तिच्यात मिसळली आणि साच्यात ओतली. थिजल्यावर बारा गुळगुळीत पांढऱ्या बत्त्या निघाल्या. तान्ह्या मुलांना ताप उतरवायला गुदद्वारातून देतात तशा. "हे आम्ही पूर्व जर्मनीच्या काळात रोज करायचो," त्या म्हणाल्या. "तेव्हा काहीच मिळायचं नाही." त्यांच्या हाताचा वेग बघून मला आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी मोदक करणाऱ्या बायका आठवल्या. दोघींनी मिळून आम्ही गावातल्या मुलांचा जानेवारी तापातून काढला.

फेब्रुवारीत मात्र स्कार्लेट फीवरची साथ आली. घसा सुजतो, जीभ लालभडक होते, अंगावर खरबरीत पुरळ उठतं. त्याला पेनिसिलिन लागतं, आणि पेनिसिलिनचं सिरप साच्यात ओतून करता येत नाही.

एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला सांड्रा आली. सांड्रा बेकरीत काम करायची, मुलीला एकटीच वाढवत होती. मिया, चार वर्षांची, बाबागाडीत पडून होती. एरवी आमच्या काउंटरवरच्या ग्लुकोजच्या गोळीसाठी हात पुढे करणारी मुलगी त्या दिवशी डोळे उघडत नव्हती. सांड्राने विम्याचं कार्ड दिलं. चिठ्ठी त्यावरच असते, संगणकात. मी उघडली, पेनिसिलिन सिरप. आमच्याकडे नव्हतं. होलसेलरकडे नव्हतं. तीस किलोमीटरच्या आतल्या सगळ्या आपोथेकेंना फोन केले. एकीकडे सकाळपर्यंत एक बाटली होती, ती गेली होती.

"गोळ्या आहेत," मी म्हणाले, "ठेचून देता येतील."

"कालपासून कणभर घट्ट गेलं की ओकून टाकतेय, पाणी तेवढं राहतंय," सांड्रा म्हणाली. "पहिल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ठेचूनच दिल्या होत्या. एकही पोटात राहिली नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल का?"

मी पुलाकडे बघितलं. दुकानाच्या खिडकीतून त्याची एक कमान दिसते. युरोपियन युनियनमधल्या एका देशातल्या डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्या देशात चालते, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. अट एवढीच की ती कागदावर असावी लागते. मी पोलिश दुकानाला फोन लावला. तिकडच्या बाई मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "सिरप आहे. दोन बाटली. चिठ्ठी पाहिजे."

मी डॉक्टरांना फोन केला. बुधवारी इथले दवाखाने दुपारी बारालाच बंद होतात. बाराला पाच कमी असताना डॉक्टरबाईंनी संगणकातली चिठ्ठी रद्द करून कागदावर लिहून दिली. सांड्राकडे गाडी नव्हती, आणि तापलेल्या मुलीला त्या वाऱ्यात पुलावरून नेणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, "तू घरी जा. माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी आणते."

ती गेल्यावर फ्राऊ लेहमान म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्या गिऱ्हाइकांना आपणच पलीकडे नेऊन सोडायचं."

"आपल्याकडे औषध नाही, फ्राऊ लेहमान."

"ते मला माहीत आहे." त्या आत गेल्या आणि साचा घासायला लागल्या, जो स्वच्छच होता.

एक वाजता पांढरा कोट काढून मी निघाले. पलीकडच्या दुकानात पाच-सहा माणसं रांगेत होती, त्यात आमच्या गावातली दोन. मला बघून त्यांनी नजर वळवली, जणू मी त्यांना चोरी करताना पकडलं. काउंटरवर माझ्याच वयाच्या एक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. पोलिशमध्ये बाईंना ‘पानी’ म्हणतात, तेव्हा या पानी बार्बारा. त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा खाली ओढला, दोनदा वाचली आणि मला परत दिली.

"नाही देऊ शकत," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी घाईत जर्मन ब्रँडचं नाव लिहिलं होतं. पोलंडमध्ये त्या नावाचं औषधच नव्हतं. डॉक्टरांचा संपर्कही नीट नव्हता, मुलीची जन्मतारीख नव्हती. मी म्हणाले, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, औषध तेच आहे हे मी सांगते. पानी बार्बारांनी मान हलवली. मला संताप आला. आणि त्याच क्षणी हेही कळलं की त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. कुणी अनोळखी बाई येऊन म्हणते ‘तेच आहे’, आणि समोर चार वर्षांचं मूल. तेच आहे, हे मी एकदा हेर नोआकनाही सांगितलं होतं.

माझा चेहरा बघून त्यांनी एक कोरा कागद ओढला. त्यांचं जर्मन संपलं होतं आणि माझं पोलिश सुरूच झालं नव्हतं. त्यांनी सावकाश लिहिलं, औषधाचं लॅटिन नाव, जे पोलिश खोक्यांवर छापलेलं असतं. त्याखाली लॅटिनमध्येच, ‘दिवसातून तीनदा’. ते बघून मला हसू फुटलं. कराडच्या कॉलेजात आम्ही हे शब्द घोकून पाठ केले होते, आपल्याकडे डॉक्टर ‘टीडीएस’ लिहितात ते त्याच लॅटिनचं कडबोळं. मी खाली ‘दिवसातून दोनदा’चं लॅटिन लिहून प्रश्नचिन्ह काढलं. त्यांनी ते खोडलं, तीनदाखाली रेघ मारली, आणि त्याही हसल्या. मग नीट यादी लिहून दिली, चिठ्ठीवर काय काय हवं त्याची. एक बाटली उचलून काउंटरखाली ठेवली आणि घड्याळावर पाचच्या आकड्यावर बोट टेकवलं. पाचपर्यंत राखून ठेवते.

पण दवाखाना बंद झाला होता. फोनवर टेपचा आवाज. मी दुकानाबाहेर थंडीत उभं राहून फ्राऊ लेहमानना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, बघा, सांगत होते.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बुधवारी दुपारी आईकडे जाते, वृद्धाश्रमात. यादी वाचून दाखवा. हळू."

मी वाचली. त्यांनी प्रत्येक ओळ मला परत म्हणून दाखवली.

तासाभराने पुलावरून त्यांची राखाडी गाडी आली. दुकानाच्या दारावर ‘लगेच येतो’ची पाटी लावून त्या निघाल्या होत्या, बारा वर्षांत ती पाटी वापरल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. अंगात पांढरा कोट तसाच. आप्तेकेत शिरल्यावर त्या क्षणभर दारातच थांबल्या आणि कपाटांवरून नजर फिरवली, एका स्वयंपाकीणबाईने दुसरीच्या स्वयंपाकघरात उभं राहावं तशी. मग वृद्धाश्रमात जाऊन डॉक्टरबाईंकडून लिहून आणलेली नवी चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

पानी बार्बारांनी वाचली. "आता बरोबर," त्या म्हणाल्या. मग शब्द जुळवत म्हणाल्या, "तुम्ही फ्राऊ लेहमान. डिसेंबरमध्ये तुमची खिडकी सुंदर असते. मी दर वर्षी मुलीला घेऊन बघायला येते."

फ्राऊ लेहमान म्हणाल्या, "आत का नाही आलात?"

"काही काम नाही पडलं," पानी बार्बारा म्हणाल्या.

बाटली हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पोलिश सिरप आमच्यापेक्षा बरंच तीव्र होतं. आमच्या सिरपचं जे माप पूर्ण भरायचं ते इथे अर्ध्याच्याही खाली. आम्ही तिघींनी तीन कागदांवर मियाच्या वजनावरून स्वतंत्र हिशेब केला आणि मग कागद उलटे करून शेजारी ठेवले. तिन्ही आकडे सारखे. पानी बार्बारांनी तोंडातून औषध द्यायची एक पिचकारी दिली आणि त्या आकड्यापाशी तिच्यावर लाल रेघ ओढली.

सांड्राच्या घरी मी तिला ती रेघ दाखवली आणि विचारलं, "आता मला सांग, किती आणि कधी?" तिने बरोबर सांगितलं. मियाने पहिली पिचकारी घेतली, तोंड वाकडं केलं आणि पोटात ठेवली. शनिवारी सांड्रा एकटीच आली. मिया शेजारणीकडे भिंतीवर चित्रं काढत होती आणि त्यावरून तिथे भांडण चाललं होतं. तापानंतरच्या पहिल्या भांडणाइतकी चांगली बातमी आमच्या धंद्यात दुसरी नसते.

नंतर आम्ही एक साधा कागद तयार केला, दोन्ही भाषांत, पलीकडे चालेल अशी चिठ्ठी कशी लिहायची त्याचा. दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी तो भिंतीवर चिकटवला. वसंतात उलटं झालं. थायरॉइडची एक गोळी पोलंडमध्ये मिळेना, तेव्हा पानी बार्बारांनी एका आजोबांना आमच्याकडे पाठवलं. फ्राऊ लेहमानांनी मला बाजूला सारून त्यांना स्वतः औषध दिलं, आणि खोक्यावर पोलिशमध्ये ‘सकाळी, उपाशीपोटी’ लिहिलं. हे शब्द त्यांनी कधी शिकून घेतले होते, मला माहीत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या थकल्या. छोट्या गावांतल्या आपोथेके बंद पडायला लागल्या आहेत, मालक म्हातारे होतात आणि पुढे कुणी येत नाही. एका दुपारी प्रयोगशाळेत त्यांनी मला विचारलं, "फ्राऊ याग्टाप, तुम्ही घ्याल का हे दुकान?"

नितीनला त्याच महिन्यात देशाच्या पश्चिमेला, एश्बॉर्नला नोकरी मिळाली होती. रेवाला विद्यापीठात जायचं होतं, आणि नितीन आठ वर्षं नोकरीसाठी आठवड्याला दोनदा बर्लिनला खेटे घालून दमला होता. मी दोन रात्री झोपले नाही आणि मग नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. मलाही तसंच वाटलं होतं." आवाज अगदी नेहमीसारखा. त्या नाहीची खंत मला अजून आहे. कुणी आपल्याला चाळीस वर्षांचं काम हातात देऊ बघतं, आणि आपण सामान बांधत असतो.

एश्बॉर्नला मी आता एका मोठ्या दुकानात आहे. कपाटातून औषध यंत्र काढून देतं. तिथून मी दर रविवारी फ्राऊ लेहमानना फोन करायचे. वर्षभर दुकानासाठी कुणी विचारायला आलं नाही. मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "बार्बाराची मुलगी किंगा. पोझ्नानला फार्मासिस्ट आहे. चांगलं जर्मन बोलते. पोलंडची पदवी इथे चालते, फक्त दुकान जुनं असावं लागतं. माझं जुनं आहे." पुढे म्हणाल्या, "गावात काही लोक नाराज होतील."

"तुम्ही?"

"मी तिची परीक्षा घेतली. तीन तास."

या एप्रिलमध्ये किंगाच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. दुकान आठला उघडलं तेव्हा बाहेर सात-आठ माणसं होती. किंगा, तिशीची, केस घट्ट बांधलेले, काउंटरमागे उभी. तिने सगळ्यांना नमस्कार केला. तिचे उच्चार ऐकून पुढे उभ्या असलेल्या एका आजी मोठ्याने म्हणाल्या, "आता इथेसुद्धा पलीकडचेच." किंगाच्या मानेवर लाली चढली. मला ती लाली ओळखीची होती. रांगेतलं कुणी पुढे होईना.

तेवढ्यात मागून फ्राऊ लेहमान आल्या. अंगात कोट नव्हता, हातात पर्स. आयुष्यात पहिल्यांदाच त्या काउंटरच्या या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी आजींना "माफ करा" म्हटलं, पुढे झाल्या आणि स्वतःचं विम्याचं कार्ड किंगासमोर ठेवलं.

किंगाने चिठ्ठी उघडली. मग तिने विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत का?"

"दोन," फ्राऊ लेहमान म्हणाल्या आणि नावं सांगितली.

"कसली अ‍ॅलर्जी?"

"नाही."

"ही जेवणाआधी घ्यायची की नंतर, तुम्हाला माहीत आहे?"

चाळीस वर्षं त्या गावाला औषध देणाऱ्या बाईने पर्स दोन्ही हातांत धरली. मग सरळ उभी राहून, शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, "तुम्ही सांगा."

किंगाने सांगितलं, नीट, सावकाश. फ्राऊ लेहमानांनी ते परत म्हणून दाखवलं, औषध पर्समध्ये टाकलं आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. घरी जायची त्यांना काही घाई दिसली नाही.

आजी पुढे सरकल्या. कार्ड दिलं. दहा मिनिटांनी त्या काउंटरवर कोपरं टेकून किंगाला आपल्या डाव्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगत होत्या, आणि किंगा लिहून घेत होती.